समुद्राला सुट्टी असते तेव्हा

आमच्या गावाच्या नावात समुद्र आहे, पण गावापासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठलाही समुद्र नाही. पश्चिमेचा नाही आणि पूर्वेचाही नाही. समुद्रपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा. दरवर्षी पाचवी-सहावीत नवीन आलेलं एखादं पोरगं हमखास विचारतं, "मॅडम, आपल्या गावात समुद्र का नाही?" मी वीस वर्षांत या प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर देत आले. खरं उत्तर मला माहीत नाही.

माझ्या अब्बांकडे मात्र एक पक्कं उत्तर होतं. अम्मींनी कधी समुद्र बघायची गोष्ट काढली की ते म्हणायचे, "तुला लग्न करून समुद्रपुरात आणलं, आता आणखी कोणता समुद्र पाहिजे?" सगळे हसायचे, अम्मीही हसायच्या. मग अब्बा हळूच म्हणायचे, "नेईन, नेईन. पेन्शन सुरू होऊ दे." पेन्शन सुरू झाली. त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, घराचं छत झालं, अम्मींच्या गुडघ्याचं दुखणं निघालं, आणि एक दिवस अब्बाच गेले. समुद्र तसाच राहिला.

माझं माहेर आणि सासर दोन्ही याच गावात असल्यामुळे अम्मींची काळजी माझ्याकडेच आहे. अब्बा गेल्यावर त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. ऐकू कमी येतं, त्यामुळे चारचौघांत बसणंही नको वाटतं. मी ठरवलं की अब्बांचं राहिलेलं काम आपण पुरं करायचं.

पहिला प्रयत्न फसला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबांनी मिळून गाडी केली आणि कोकणातल्या एका नावाजलेल्या किनाऱ्यावर गेलो. गाव सांगत नाही, कारण त्या दिवसांत सगळ्याच किनाऱ्यांची तीच गत असते. गाडी उभी करायलाच पाऊण तास लागला. वाळूत घोडे, उंट, चारचाकी मोटरसायकली, भेळवाले, मोठ्याने लावलेली गाणी. पाणी कुठे आहे ते माणसांच्या डोक्यांवरून बघावं लागत होतं. मुलं खूश होती. अम्मींनी गाडीची काच खाली केली, दोन मिनिटं बघितलं आणि परत वर केली. त्या उतरल्याच नाहीत. मी खूप विनवलं. त्या म्हणाल्या, "इतक्या लोकांसमोर मी पाय ओले करू? बुरखा सांभाळू, काठी सांभाळू की तोल?" शेजारी दोन पोरं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं मोबाइलवर चित्रण करत होती. मला पुढे काही बोलता आलं नाही. दोन तास त्या गाडीत बसून राहिल्या. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "बघितला ना. झालं."

झालं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मग एकदा फोनवर माझ्या बीएडच्या मैत्रिणीला हे सांगितलं. ती मुरुडकडची. कोकणी मुसलमान, घरात बोलतात ती त्यांची कोकणी मराठी. तिच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला बीएडच्या पहिल्या वर्षी कळायचे नाहीत आणि माझं वऱ्हाडी ढंगाचं उर्दू तिला कळायचं नाही. प्रमाण मराठीवर आमची दोस्ती झाली. ती म्हणाली, "दिवाळीत कशाला आलीस? जूनमध्ये ये. तेव्हा आमच्या समुद्राला सुट्टी असते, आणि तुलाही असते."

खरंच की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तिकडे पंधरा जूनच्या आसपास घंटा वाजते, आपल्याकडे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो, कधी जुलैच्या उंबरठ्यावर जातो. म्हणजे मधले आठ-दहा दिवस असे असतात की पुण्या-मुंबईची मुलं वर्गात बसलेली, कोकणात पाऊस सुरू झालेला, पर्यटक घरी परतलेले, आणि विदर्भातली मास्तरीण अजून मोकळी. आमच्या उन्हाने आयुष्यभर भाजून काढलं, त्याचा हा एवढा एक फायदा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. मी, माझे शौहर, धाकटी मुलगी आणि अम्मी. वर्ध्याहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबईच्या अलीकडे उतरून पनवेल, आणि तिथून एसटी. मांडव्याला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे आम्ही रस्त्याने गेलो. पेण, वडखळ, अलिबाग, चौल, रेवदंडा. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला आलं की डावीकडे डोंगर आणि उजवीकडे समुद्र अशी वाट सुरू होते. मध्ये कोर्लई लागतं. या गावातले थोडे ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीज वळणाची एक वेगळीच बोली घरात बोलतात. भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा गावात उतरून दोन दिवस राहावंसं वाटतं, पण एसटी कोणासाठी थांबते? पुढे काशीद. दिवाळीत जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे टपऱ्यांवर निळं प्लास्टिक बांधलेलं, सुरूची झाडं भिजून काळी पडलेली आणि पलीकडे नुसता आवाज करणारा करडा समुद्र. मी अम्मींकडे बघितलं. त्या खिडकीच्या गजांना धरून बाहेर बघत होत्या. या वेळी त्यांनी काच वर केली नाही.

मैत्रिणीच्या घरी तिचे चाचा आहेत. पंच्याहत्तरी ओलांडलेले, उमेदीची वर्षं होडीवर काढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लगेच किनाऱ्यावर निघालो तर त्यांनी ओटीवरूनच हाक मारली, "थांबा. आज तिथ कुठली?"

मला वाटलं काही धार्मिक बाब असेल. ते म्हणाले, "दशमी आहे. दहाला तिनाने गुणा, चाराने भागा. किती झाले? साडेसात. साडेसातला भरती पूर्ण झाली. आता पाणी उतरायला लागेल. पावणेदोनच्या सुमारास ओहोटी संपेल. तुम्ही जेवून, जोहरची नमाज पढून एकला जा आणि तीनच्या आत परत या."

हा हिशेब मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि परत आल्यावर वर्गातही शिकवला. तिथीला तीन चतुर्थांशाने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती वेळ साधारण पाऊण-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. अमावास्या-पौर्णिमेला येते ती उधाणाची भरती, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या आसपासची भांगाची, तिचा जोर कमी. आपल्या घरात चांदाची तारीख सगळ्यांना पाठ असते. ती तिथीच्या एखाद दिवस मागे असते एवढं लक्षात ठेवलं की हा हिशेब आपल्याही कामाचा. चाचा हसून म्हणाले, "चांद बघायचा तो फक्त ईदेला, असं आहे का? आमचं पोट रोज चांदावर चालायचं."

दुसरी ताकीद त्यांनी माझ्या मुलीकडे बघून दिली. "पाणी घोट्याच्या वर येता कामा नये. जूनचा समुद्र ओळखीच्या माणसालाही ओळख देत नाही." ही ताकीद मी हसण्यावारी नेली नाही, कारण याच मुरुडच्या किनाऱ्यावर २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले होते. तेव्हा पावसाळा नव्हता, तुफान नव्हतं. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला सहलीच्या यादीवर सही करताना हात जड व्हायचा. चाचांनी काठीने अंगणातल्या मातीत रेघा मारून दाखवलं. लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणतात ते परत कुठून तरी जातं. वाळूतल्या एखाद्या खोलगट वाटेने ते जोरात मागे ओढलं जातं, आणि नेमक्या त्याच जागी लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं. अनोळखी माणूस शांत जागा बघून तिथेच उतरतो. त्या ओढीत कोणी सापडलाच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दमून जातो. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावं, ओढीची वाट अरुंद असते. मी हे इथे मुद्दाम लिहिते आहे. रिकामा किनारा सुंदर असतो, पण तिथे हाक मारली तर ऐकायलाही कोणी नसतं.

एक वाजता आम्ही गेलो. पावसाने उघडीप दिली होती. मुरुडचा किनारा लांबलचक आहे, आणि त्या दुपारी त्यावर आम्ही पाच माणसं, दोन कुत्री आणि काही बगळे. हिवाळ्यात दिसणारे पांढरे कुरव पक्षीसुद्धा नव्हते. ते थंडीचे पाहुणे, उन्हाळ्यात उत्तरेकडे निघून जातात. होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर झावळ्या आणि ताडपत्र्या. ओल्या वाळूवर चिमुकल्या खेकड्यांनी बारीक बारीक गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती, आपल्याकडे अंगणात रांगोळीचे ठिपके काढावेत तशी. पाऊल ठेवायला जीव होत नव्हता. समोर समुद्रात पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या समोर बांधलेला. त्याच्या तटावर लाटा आपटून पांढऱ्या व्हायच्या आणि खाली यायच्या.

हे सगळं चित्रासारखं होतं असं मात्र कोणी समजू नये. भरतीच्या रेषेवर बाटल्या, थर्माकोल, तुटक्या चपला, जाळ्यांचे तुकडे यांची लांब माळ पडलेली होती. पावसाळ्यात समुद्र सगळ्यांचं सगळं परत आणून टाकतो. माझी मुलगी म्हणाली, "अम्मी, यात आपल्या दिवाळीच्या गाडीतली पण बाटली असेल." मी गप्प बसले.

अम्मींनी आधी चारी बाजूंना बघितलं. मग चपला काढल्या, काठी माझ्या हातात दिली, बुरख्याची कड दोन बोटं वर धरली आणि माझ्या मैत्रिणीचा दंड पकडून पुढे गेल्या. पहिली लाट पायापर्यंत आली नाही. दुसरी आली. त्या दचकल्या, आणि मग जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, "आवाज पायातून येतोय."

त्यांच्या कानांना कितीतरी वर्षांत मोठ्याने बोलल्याशिवाय काही पोहोचलेलं नाही. त्या वाळूत उभ्या राहिल्या आणि लाट फुटल्याचा हादरा त्यांना तळव्यातून कळत होता. लाट यायच्या आधी त्या हात वर करून सांगायच्या, "आली." आणि ती यायची. माझी मुलगी त्यांच्याबरोबर मोजायला लागली. सत्तरीची नानी आणि बारा वर्षांची नात, दोघी "आली, आली" करत घोट्याभर पाण्यात उभ्या. बघायला कोणी नव्हतं, चित्रण करायला कोणी नव्हतं, "सांभाळा हो चाची" म्हणणाराही कोणी नव्हता. माझे शौहर बरेच मागे सुरूच्या झाडांखाली बसून राहिले होते, मुद्दाम.

बहिणींनो, मी त्या वेळी विचार करत होते की आपल्या घरातल्या बायांना मोकळी जागा कधी मिळते? घरात मिळत नाही, तिथे कामं असतात. बाजारात मिळत नाही. लग्नात मिळते ती दागिने आणि कपडे सांभाळत. बागेत गेलो तर मुलांच्या मागे. कोणी बघत नाही, कोणाला काही द्यायचं-घ्यायचं नाही, आणि वर मोठं आकाश आहे, अशी जागा माझ्या अम्मींना सत्तराव्या वर्षी मिळाली. तीही दोन तासांसाठी.

परतताना चाचांनी आम्हाला राजपुरीच्या वाटेवर उंचावर नेलं. तिथून जंजिरा दिसतो. एरवी राजपुरीहून शिडाच्या होड्या माणसं भरभरून नेतात. पावसाळ्यात हा प्रवास बंद. किल्ला एकटा पाण्यात बसलेला होता, मोठ्या काळ्या जहाजासारखा. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, भोवती खारा समुद्र असून. कधीकाळी आत वस्ती होती, आता कोणी राहत नाही. हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हे बेट सतराव्या शतकापासून हातात ठेवलं. शिवाजी महाराजांना ते घेता आलं नाही, संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव घालायला सुरुवात केली होती, तरी ते पडलं नाही. शेवटी १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं, ते कागदावरच्या सहीने. या सगळ्या मुलखाला जुन्या कागदांत हबसाण म्हणतात.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला त्या उंचवट्यावर उभं राहणं म्हणजे मेजवानीच. जंजिरा हा शब्दच मुळी अरबीतला जज़ीरा, म्हणजे बेट. तेव्हा जंजिरा बेट म्हणणं म्हणजे बेट बेट म्हणणं. आणि इथे शब्द एवढ्यावर थांबत नाहीत. होडीचा मालक नाखवा, तो फारसीतला नाखुदा. बंदर फारसी, किनारा फारसी. दर्या तर मजेशीर आहे. उर्दूत दर्या म्हणजे नदी आणि मराठीत समुद्र. माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी इथे अडखळतात. उर्दूच्या तासाला दर्या म्हणजे गंगा आणि मराठीच्या तासाला दर्या म्हणजे अरबी समुद्र.

सगळ्यात गंमत मोसम या शब्दाची. अरबीत मौसिम म्हणजे ठरलेली वेळ. अरबी खलाशांसाठी ती वाऱ्याची, जहाजं सोडायची वेळ. तोच शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजीत जाऊन मान्सून झाला आणि आपल्याकडे पावसाचं नाव म्हणून परत आला. आणि आज पर्यटनवाले याच दिवसांना 'ऑफ सीझन' म्हणतात, म्हणजे मोसम नसलेला मोसम! ऐन पावसाळ्यात या बाजूची बंदरं तेव्हाही बंदच असायची. समुद्राला सुट्टी देण्याची रीत फार जुनी आहे. सरकारने तिला तारीख दिली इतकंच. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. एक तर समुद्र खवळलेला, आणि दुसरं म्हणजे हे माशांच्या अंड्या-पिल्लांचे दिवस. चाचा म्हणाले, "समुद्राला दोन महिने दिले नाही तर तो आपल्याला दहा महिने कुठून देईल?"

अम्मींनी किल्ल्याकडे बोट करून विचारलं, "याला काय म्हणतात?" मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "जज़ीरा. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये जमीन." त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आपलं समुद्रपूर उलटं. चारी बाजूंनी जमीन, आणि मध्ये मे महिन्यात नळालाही पाणी नाही." चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. मैत्रीण जरा संकोचून म्हणाली, "ताजं मासळीचं काही देता येत नाही ग या दिवसांत." तेव्हा मला आमच्या आनंदाची दुसरी बाजू दिसली. आम्ही ज्या शांततेसाठी एवढ्या लांबून आलो, ती या गावांसाठी कमाई नसलेल्या महिन्यांची शांतता आहे. होडी किनाऱ्यावर, टपरी बंद, घोडेवाला दुसऱ्या कामाच्या शोधात. उन्हाळ्यात वाळवलेल्या सुकटीवर आणि साठवलेल्या पैशांवर घर चालतं. पुरुष ओटीवर बसून जाळी विणतात, फाटलेली सांधतात. त्यात ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. ते याच किनाऱ्यावर आदळलं आणि नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा झोपवून गेलं. पोफळ लावल्यावर सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं लागतात. मैत्रिणीच्या परसात जुन्या खोडांचे खुंट आणि त्यांच्यामध्ये नवीन झाडं अशी दोन्ही उभी होती.

म्हणून या दिवसांत कोणी जाणार असाल तर माझ्या चार गोष्टी ऐका. खोलीचं भाडं आधीच निम्म्यावर आलेलं असतं, त्यात आणखी घासाघीस करू नका. किल्ल्यात जाता येईल या आशेने जाऊ नका, होड्या बंद असतात, आणि कोणी पैसे घेऊन नेतो म्हणाला तरी बसू नका. खानावळी बऱ्याच बंद असतात, पोहे, चिवडा, औषधं आणि सुके कपडे जवळ ठेवा. किनाऱ्यावर उतरण्याआधी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला भरती-ओहोटी विचारा. मगरिबच्या आधी परत फिरा. आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणा, नाहीतर समुद्र तो पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी नानीच्या पायाशी टाकेल.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही गिरडला गेलो होतो. आमच्या तालुक्यातलं गिरड तुम्हाला माहीत असेल, ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याचं. टेकडीवर गोलसर दगड सापडतात. लहानपणापासून ऐकत आलो की एका व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली, तेव्हा त्याच्या मालातले नारळ आणि बाकीच्या जिनसा दगड होऊन पडल्या. भूगोलाचे आमचे सर सांगतात की लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहतात आणि त्यांत असे खनिजाचे गोळे तयार होतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या त्या लाव्ह्याचाच दगड इथपासून पार कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला आहे. जंजिरा ज्या काळ्या खडकावर उभा आहे, तो आमच्या गिरडच्या टेकडीचा नातेवाईक.

हे मी अम्मींना सांगितलं. त्यांनी एक गोल दगड उचलला, हातात फिरवला आणि शेजारच्या बाईला मोठ्या आवाजात सांगायला लागल्या, "हा दगड तिकडे समुद्रात पण आहे. मी बघून आले." ती बाई म्हणाली, "चाची, समुद्र कसा असतो हो?" अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या, जमिनीवर पाय घट्ट ठेवले आणि म्हणाल्या, "इथून कळतो."

आता त्या दर मार्चमध्ये मला एकच प्रश्न विचारतात. यंदाही विचारून झाला. "तुझी शाळा जूनमध्ये किती तारखेला उघडते, आणि तिकडची किती?" मी दोन्ही तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवल्या आहेत. मधले आठ दिवस त्यांचे, इन्शाअल्लाह. अब्बांचं पेन्शन पासबुक त्याच कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेलं आहे. तिकिटाचे पैसे त्यातून काढायचे, असा अम्मींचा हुकूम आहे.